चिठोऱ्या

बोलोन्यात खांबांना तोटा नाही.
शहरभर कमानींच्या पडव्या, पाऊस असो की बर्फ,
डोक्याला काही लागत नाही.
आणि खांबाखांबावर कागद चिकटवलेले,
कागदाला खालून कातरलेली झालर,
झालरीच्या प्रत्येक पट्टीवर तोच फोन नंबर.
सप्टेंबरात सगळं शहर असं दात विचकून उभं असतं.

मी बेटावरचा. रात्रभर बोट, मग रेल्वे,
सॅकमध्ये चार शर्ट
आणि आईनं बांधून दिलेली बोयीची गाबोळी,
मिठात मुरवून, वाळवून, मेणात बुडवलेली.
'घरमालकाला दे. मोकळ्या हातानं जाऊ नये कुणाच्या दारात.'

पहिल्या दारात जिन्यापर्यंत रांग.
दुसरा म्हणाला, आम्ही मुलींनाच देतो.
तिसऱ्यानं वडिलांची पगाराची पावती मागितली.
बाबा खाजणात जाळं टाकतात,
मासे पावती देत नाहीत,
असं मी म्हणालो. तो हसला. म्हणाला, बघू.
'बघू' म्हणजे काय ते आमच्या बेटावरही कळतं.

चौथी खोली ही खोली नव्हती.
एका खोलीच्या मधोमध प्लायवूड मारलं होतं,
ते बरोबर खिडकीवर येऊन थांबलेलं:
अर्धी खिडकी माझी, अर्धी पलीकडच्या रेमोची.
उघडायची तर दोघांनी घरी असायला हवं.
पाचशे वीस युरो. वीज वेगळी.

पाचव्यानं फोनवरच ओळखलं.
'बेटावरचा ना? तुमच्याकडे गोतावळा फार येतो राहायला.'
त्या शहरात मला एक कुत्रं ओळखत नव्हतं.

सहावा कागद हातानं लिहिलेला, निळ्या शाईत,
झालर वाकडीतिकडी कापलेली. एकच पट्टी उरली होती.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाई झानारिनी.
खोलीत पलंग, पलंगावर इस्त्रीची घडी न मोडलेली चादर,
कपाटावर बर्फातले बूट, पोराच्या मापाचे.
'कोर्रादो ऑस्लोत असतो,' ती म्हणाली,
आणि कॉफी ठेवायला गेली.

मग विचारत बसली. कुठलं खाजण?
गाबोळी उन्हात वाळवता की सावलीत?
भावंडं किती? धाकटी बोलते का तुझ्याशी?
भाड्याचं विचारलं की बिस्किटं पुढे करायची.
खिडकीचं शटर अडकलेलं होतं,
मी खुर्चीवर चढून सोडवलं.
ऊन थेट त्या चादरीवर पडलं
आणि ती थोडा वेळ गप्प झाली.
गाबोळी दिली. वास घेऊन म्हणाली, 'फोन करते हं.'

उतरताना दुसऱ्या मजल्यावर दार किलकिलं झालं.
'कितवा तू?'
'कितवा म्हणजे?'
'या महिन्यातला.'

रात्री आईचा फोन.
गाबोळी दिलीस?
दिली.
मग? मिळाली खोली?
म्हटलं, आवडली तिला.

मी अर्धी खिडकी घेतली.
रेमो रात्री घोरतो, सकाळी माफी मागतो,
माणूस चांगला आहे. प्लायवूडवर आम्ही
दोन्हीकडून एकाच जागी खिळा मारला होता एकदा.

पुन्हा सप्टेंबर.
त्याच खांबावर निळ्या शाईचा कागद,
झालर ताजी, तशीच वाकडी.
समोर एक मुलगी, चाकाची बॅग, मान दुखेस्तोवर वर बघून दमलेली.
पोतेंझाहून आले, म्हणाली. इतक्या पट्ट्या फाडल्यात लोकांनी,
गेली असेल ना ही खोली?

सांगावं की नाही, मी विचार केला.
मागून कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, आम्ही बाजूला झालो.
नाही गेली, मी म्हणालो. जा.
कॉफी चांगली असते.
आणि शटर अडकलं तर
पट्टा डावीकडे ओढायचा.